तीन तास थांबवणारे चुरी

बोईसर-तारापूर रस्त्यावरच्या एका हॉस्पिटलात मी अकरा वर्षं केसपेपर लिहिले. हॉस्पिटल म्हणजे वर तेरा खाटा, खाली डॉक्टर सामंतांची केबिन, केबिनबाहेर टेबल टाकून बसलेली मी, आणि मागच्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्यांत दामोदर चुरींची लॅब. डॉक्टर म्हणायचे, बाकी सगळं पेशंटला लवकर घरी पाठवायला आहे आणि चुरी तेवढे त्याला थांबवायला आहेत. हे ते हसत म्हणायचे, पण त्यात गंमत नव्हती.

चुरी मूळचे एडवणचे. घरची वाडी होती, केळी होत्या, पानवेली होत्या. भावांनी वाडी धरली आणि हे मुंबईला जाऊन लॅबचा कोर्स करून आले. अंगानं किडकिडीत, मान किंचित पुढे काढून चालायचे, आणि शर्टाची बाही नेहमी कोपराच्या वर दुमडलेली. बोलणं हळू. समोरच्यानं घाई केली की ते आणखी हळू बोलायचे. मी फटकळ बाई, मला त्यांचं एक वाक्य पुरं होईपर्यंत दोन केसपेपर लिहून व्हायचे.

त्यांचं वेड एकच. आमच्याकडे हिवतापाला तोटा नव्हता. तारापूरच्या कारखान्यांतून रोज दहा-बारा माणसं कुडकुडत यायची, चुरी बोट टोचून रक्त बघायचे, हिवताप निघाला की डॉक्टर चौदा दिवसांच्या गोळ्या लिहायचे. सगळीकडे असंच चालायचं. चुरी मात्र पुरुष पेशंट असला की आणखी थोडं रक्त काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "बसा. तीन तास लागतील. त्याआधी गोळी घेऊ नका."

"तीन घंटा?" कामगार वैतागायचे. "साब, बुखार तो अभी है."

"बुखार रहेगा," चुरी शांतपणे सांगायचे. "आप भी रहना चाहिए."

ती तपासणी काय होती ते मला त्यांनीच समजावलं, तेही जेवणाच्या सुट्टीत, माझा डबा उघडा असताना. रक्ताच्या तांबड्या पेशींत एक एन्झाइम असतं, ते पेशीला सांभाळतं. काही पुरुषांत ते जन्मापासून कमी असतं. एरवी त्यांना काही होत नाही, नांगर धरतील, होडी ओढतील, लग्नात रात्रभर नाचतील. पण काही ठरावीक औषधं पोटात गेली की त्यांच्या पेशी फुटायला लागतात, लघवी काळी होते, आणि वेळेत कळलं नाही तर माणूस जातो. हे दुखणं मुलाला आईकडून येतं, बापाकडून नाही. तपासायचं तर रक्तात दोन औषधं घालून नळी तीन तास अंगाइतक्या उबेत ठेवायची. रक्त लाल झालं तर ठीक. तपकिरी राहिलं तर ती गोळी बंद.

"आणि तुम्ही हे सगळ्यांचं करता?" मी विचारलं.

"एकाचं केलं नव्हतं," ते म्हणाले आणि माझ्या डब्यातली कोलंबी बघत राहिले.

तो एक जण गोरखपूरकडचा होता. चुरी नवीन असताना आलेला. त्यांनी हिवताप बरोबर ओळखला, गोळ्या बरोबर दिल्या गेल्या, तिसऱ्या दिवशी तो काळ्या लघवीची बाटली घेऊन आला, आणि चुरींनी 'उन्हामुळे असेल, पाणी प्या' असं सांगून त्याला वाटेला लावलं. आठवड्यानं त्याच्या खोलीतले लोक त्याची पेटी गावाला पाठवायची म्हणून पत्ता विचारायला आले. कुणी चुरींना जबाबदार धरलं नाही. धरलं असतं तर ते कदाचित इतके छळवादी झाले नसते.

आणि छळवादी ते होतेच. शुक्रवारी आमच्याकडे वीज नसायची, उबेचं पाण्याचं भांडं बंद पडायचं. मग हा माणूस नळ्या रुमालात गुंडाळून काखेत धरायचा आणि तीन तास तसाच हिंडायचा. अंगाची ऊब बरोबर सदतीस असते, असं त्यांचं म्हणणं. एकदा कुठल्याशा कारखान्याचे मोठे साहेब हॉस्पिटल बघायला आले. सामंतांनी चुरींची ओळख करून दिली, साहेबांनी हात पुढे केला. चुरींच्या दोन्ही काखांत नळ्या. त्यांनी नुसती मान लववली. साहेबांना वाटलं माणूस युनियनचा आहे. पुढे दोन महिने त्या कारखान्याचे पेशंट आमच्याकडे आले नाहीत.

दुसरी खोड चौकशीची. पुरुष पेशंट दिसला की विचारायचे, "मामा आहेत का? किती? त्यांना कधी औषधानं काळी लघवी झाली होती?" सरावलीच्या चाळींत बातमी पसरली की लॅबवाले चुरी कुणासाठी तरी स्थळ शोधतायत आणि आजोळ फार कडक बघतात. एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन बसले. मी त्यांना आत पाठवलं. चुरींनी पत्रिका बाजूला ठेवली आणि त्यांचं रक्त काढून घेतलं.

सामंतांचं मत साधं होतं. "हे डोंगरातल्या लोकांचं दुखणं आहे, चुरी. आपल्यात नसतं."

"आपल्यात म्हणजे कोणात?"

डॉक्टरांना ते झोंबलं. चार नर्सांसमोर त्यांनी बाही वर केली, "घ्या, तपासा माझं." चुरींनी घेतलं. तीन तासांनी नळी तपकिरी. डॉक्टर म्हणाले, तुमची औषधं जुनी झालीत. चुरींनी नवी बाटली फोडली. पुन्हा तपकिरी. डॉक्टर म्हणाले, तुमचं मशीन बिघडलंय. चुरी म्हणाले, "यात मशीन कुठाय डॉक्टर? नळी आहे आणि तुम्ही आहात."

पुढच्याच आठवड्यात 'आर. पाटील' नावाचा एक तरुण तपासणीला आला. केसपेपर मीच लिहिला. हे आर. पाटील डॉक्टरांच्या केबिनमध्ये टेबलावर बसून त्यांचाच चहा पीत होते आणि त्यांना मामा म्हणत होते. त्यांची नळी मस्त लाल झाली. त्या दिवसापासून डॉक्टर स्वतः गोळी घेण्याआधी चुरींना हळूच विचारायचे, आणि लोकांत मात्र सांगायचे, डोंगरातल्या लोकांचं दुखणं आहे हे.

आता लखूचं सांगते.

लखू वरठा मनोरकडच्या एका पाड्यावरचा. तारापूरला रंगाच्या कारखान्यात लागला होता, सरावलीला मेव्हण्याच्या खोलीत राहायचा. वय चोवीस. मानेला गाठी आल्या, ताप हटेना, म्हणून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवला, तिथे कॅन्सर निघाला. पण बरा होण्यासारखा, असं तिथले म्हणाले. केमो सुरू करायची होती. केमोआधी करायच्या तपासण्यांचा एक सायक्लोस्टाइल कागद त्याला दिला होता, आणि त्यात अकरा तपासण्यांमध्ये नवव्या नंबरावर चुरींची ही तपासणी होती. केमो चालू असताना इतर जंतूंनी धरू नये म्हणून एक गोळी रोज द्यायची असते, ती या एन्झाइमच्या कमतरतेत चालत नाही. मुंबईत नंबर लागायला वेळ होता. कुठे लवकर होत असेल तर करून आणा, सोमवारी दाखल व्हा, असं सांगितलं होतं.

मुंबईच्या हॉस्पिटलच्या कागदावर आपली तपासणी बघून चुरींना काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि नववा नंबर सामंतांना दाखवून आणला.

पण त्याआधी एक गोष्ट झाली होती. लखू आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या अंगात रक्तच नव्हतं. सामंतांनी त्याला दोन बाटल्या रक्त चढवलं. मेव्हण्याचं आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकाचं. रक्तपेढीचा कागद नव्हता, काही नव्हतं. त्या काळी असं सर्रास चालायचं आणि त्यानं माणसं वाचायचीही, हे मला कबूल आहे. फक्त डॉक्टर मला म्हणाले, "केसपेपरवर घालू नकोस. सलाईन लिही." मी सलाईन लिहिलं.

गुरुवारी चुरी माझ्या टेबलाशी आले. "निर्मलाबाई, लखूला रक्त चढवलेलं नाही ना?"

"केसपेपरवर नाही," मी म्हणाले.

एवढंच मी म्हणाले. शब्दाला शब्द खरं होतं. चुरींनी मान हलवली, लॅबमध्ये गेले, तीन तासांनी नळी लाल झाली आणि त्यांनी रिपोर्ट लिहिला, दोष नाही. लखूची आई बाहेर बसली होती. तिला त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं.

शनिवारी लखूचा मेव्हणा ताप घेऊन आला. चुरी त्याचं बोट टोचत होते. तो कौतुकानं सांगायला लागला, "आमचा रगत चढवला ना, तवा त लखू बसाया लागला. नाय त उठत पन नव्हता."

चुरी बाहेर आले ते सरळ माझ्यापुढे. ओरडले असते तर मी पण ओरडले असते, मला ते जमतं. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मी लखूचं रक्त तपासलंच नाही. त्याच्या मेव्हण्याचं तपासलं."

मला कळायला जरा वेळ लागला. लखूच्या अंगात बहुतेक दुसऱ्याचं रक्त फिरत होतं, आणि ते दुसरे धडधाकट होते. नळी लाल होणारच. लखूचं स्वतःचं काय ते आता तीन-चार महिने कळणार नव्हतं. आणि सोमवारी मुंबईचे डॉक्टर चुरींच्या सहीवर विसंबून त्याला ती गोळी चालू करणार होते.

"मग आता?" मी विचारलं.

"त्याचा भाऊ आहे. मामा असेल. एका आईचं रक्त आहे, काहीतरी कळेल."

रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी बोलावलं नव्हतं. एसटीनं मनोरपर्यंत आणि पुढे तास-दीड तास चालत. चुरींच्या खांद्याला थर्मास, त्यात बर्फ. पाड्यावर लोकांना वाटलं कुटुंबनियोजनवाले आले, निम्मे पुरुष रानात पसार झाले. लखूचा भाऊ जाना तेवढा सापडला, कारण तो छपरावर चढला होता आणि खाली यायला वेळ लागला.

लखूची आई ओटीवर बसली होती. चुरींनी नेहमीचं विचारलं, मामा आहे का.

"होता यक," ती म्हणाली. "माजा भाव. तापाची गोळी दिली सरकारी मानसानी. काला मुतला न तिसऱ्या दिसाला गेला. आमी म्हनलं, बाहेरचा काय तरी झाला."

चुरींनी पिशवीतून सुई काढली. जानाची शीर त्यांना दुसऱ्यांदा टोचल्यावर सापडली, आणि हा माणूस धावत्या रिक्षात लहान पोराची शीर शोधणारा.

"रगत कशाला काडतंस?" म्हातारीनं विचारलं. "दुखना त लखूला हाय."

"माझ्याकडून चूक झाली आई. ती निस्तरायचीय."

"तू डाक्टर हायस ना?"

"नाही."

"मंग बरा," ती म्हणाली. ती असं का म्हणाली मला आजही कळलेलं नाही, पण चुरींना त्यानं धीर आला असावा.

जानाची नळी तपकिरी राहिली. म्हणजे लखूचीही तशी असण्याचा संभव होता. निम्मा होता, निम्मा नव्हता.

सोमवारी सकाळी सामंत यायच्या आधी चुरींनी माझ्या टेबलावर बसून पत्र लिहिलं. 'गुरुवारचा माझा अहवाल रद्द समजावा. रुग्णास आधी रक्त चढवलेले होते. याची पुरेशी चौकशी मी केली नाही. रुग्णाच्या सख्ख्या भावात कमतरता आढळली आहे. तरी सदर गोळी देऊ नये.'

मी म्हणाले, "तुम्ही चौकशी केली होती. मी लपवलं. तसं लिहा."

"तुमची नोकरी आहे."

"आणि तुमचं काय आहे?"

त्यांनी पाकिटाला डिंक लावला. तेवढ्यात सामंत आले. त्यांनी पत्र मागून घेतलं, वाचलं आणि दार लावून घेतलं, पण ते दार प्लायवूडचं होतं.

"रक्त चढवल्याचं कशाला लिहिता? हॉस्पिटलचं नाव जाईल. त्या पोराला दोष असेलच कशावरून?"

"नसेलही."

"मग?"

"मग काही नाही. गाडीची वेळ झाली."

मुंबईला चुरींना केसपेपरच्या खिडकीपाशी साडेतीन तास उभं केलं. हे ऐकून मला फार बरं वाटलं आणि मी ते त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. शेवटी एक तरुण डॉक्टर भेटला. त्यानं पत्र वाचलं, वर बघितलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "काका, दुसऱ्याचा रिपोर्ट चुकलाय असं सांगायला रोज कुणीतरी येतं. स्वतःचा चुकलाय म्हणून आलेले तुम्ही पहिलेच." लखूच्या कागदावर त्यानं तांबड्या शाईनं लिहिलं आणि ती गोळी रद्द करून दुसरा काही उपाय केला. लखूची केमो त्याच दिवशी सुरू झाली.

इकडे महिन्याभरात सामंतांना मागच्या दोन खोल्या जनरेटर ठेवायला हव्या झाल्या. वरच्या मजल्यावर काचेचं दार लावून नवीन लॅब आली, त्यात टाय लावणारा माणूस आला. तो सगळ्या तपासण्या वीस मिनिटांत करायचा आणि काहींना तेवढीही वाट बघायला लावायचा नाही. 'आमच्याकडे थांबावे लागत नाही' अशी पाटीच लागली. चुरी सफाळ्याला गेले, भाताच्या गिरणीशेजारी एक गाळा घेतला. डोक्यावर खोकी घेऊन ते गेले तेव्हा मी टेबलावर बसून केसपेपर लिहीत होते. नोकरी मी सोडली नाही. लाज वाटत होती, तरी सोडली नाही.

गावात या प्रकरणाची यथेच्छ टिंगल झाली. चुरी पाड्यावर रक्त प्यायला गेले होते इथपर्यंत. सामंत रोटरीच्या जेवणात सांगायचे, आमच्याकडे एक होता, तो पेशंट सोडून त्याच्या मामाला तपासायचा.

लखूची ये-जा दोन वर्षं चालली. केस गेले, परत आले, कुरळे आले. मधूनमधून रक्त चढवावं लागायचं, त्यामुळे त्याचं स्वतःचं रक्त तपासायला मिळेचना. मग उपचार संपले. तो पुन्हा कामाला लागला. आणि त्यानंतर कधीतरी सफाळ्याहून मला पोस्टकार्ड आलं, 'लखूला शेवटचे रक्त चढवून वर्ष झाले. आता त्याच्या अंगातले रक्त त्याचेच आहे. घेऊन यावे. जानालाही आणावे.'

आम्ही चौघं गेलो, लखू, जाना, त्यांची आई आणि मी. चुरींचे केस पांढरे झाले होते आणि गाळ्यात गिरणीच्या कोंड्याचा थर होता. त्यांनी दोघा भावांचं रक्त घेतलं, नळ्या लावल्या आणि म्हणाले, "बसा."

ते तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. लखू आणि जाना बाकावर बसून भजी खात होते. म्हातारी भिंतीला टेकून झोपली. आणि मी मनातल्या मनात महालक्ष्मीला विनवत होते की नळी तपकिरी निघू दे. डहाणूच्या डोंगरावर पायी येईन, पण तपकिरी निघू दे. मला ती नळी रिक्षात घालून सामंतांच्या टेबलावर नेऊन आपटायची होती. रोटरीच्या जेवणात न्यायची होती. या माणसानं पोराचा जीव वाचवला, हे मला एकदा पुराव्यानिशी सगळ्यांच्या तोंडावर सांगायचं होतं. आणि माझ्या त्या 'केसपेपरवर नाही'चंही काहीतरी मोल निघायला हवं होतं.

चुरींनी दोन्ही नळ्या उचलल्या आणि दारातल्या उजेडात धरल्या. जानाची तपकिरी होती. लखूची लाल. अगदी लाल, शंका घ्यायला जागा नाही.

लखूला काही नव्हतंच. ती गोळी त्यानं पहिल्या दिवसापासून खाल्ली असती तरी त्याला काही झालं नसतं. सोमवारी मुंबईला कुणी गेलं नसतं तरी चाललं असतं.

"म्हंजे काय जाला?" म्हातारीनं जागी होऊन विचारलं.

चुरी हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते. "काही नाही आई. याला काहीही नाही. हे बघा, कसं लाल आहे. याला आता कुठल्याच गोळीचं भय नाही." नळी त्यांनी तिच्या हातात दिली, लखूला दाखवली, गिरणीवाल्याला हाक मारून दाखवली. गिरणीवाल्यानं काही न कळून छान आहे म्हटलं.

माझ्या तोंडून गेलं, "म्हणजे सगळं फुकट गेलं."

चुरी वळले. "काय फुकट गेलं?"

त्यांनी खरंच विचारलं होतं. त्यांना ठाऊक नव्हतं. बोईसरची लॅब, वीस वर्षांचे पेशंट, गावातलं नाव, यातलं काही त्यांना आठवतच नव्हतं. समोर एक पोरगा होता आणि त्याच्या रक्तात खोट नव्हती, एवढंच त्यांना दिसत होतं. आणि मी त्याच पोराच्या आईशेजारी बसून तीन तास ती खोट निघावी म्हणून नवस बोलत होते.

मी उठले. बाहेर येऊन गिरणीच्या ओट्यावर बसले आणि पदर तोंडाशी धरून रडले. त्यानंतर चुरींची आणि माझी भेट झाली नाही. मी ओट्यावर बसले होते तेव्हा आत त्यांनी जानाला स्टुलावर बसवलं होतं. त्याला चालत नाहीत त्या औषधांची नावं ते जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहीत होते, एकेक नाव वाचून दाखवत होते, आणि जाना मान हलवत म्हणत होता, "हा, समजला. पुढचा सांग."